आठ पोरं नव्हेत, आठ पेशी

तिसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला आमच्या लॅबमधून फोन जातात. टेस्ट ट्यूब बेबीसाठी आलेल्या जोडप्यांना त्यांचे गर्भ कसे चाललेत ते कळवायचं असतं. "पाचातले तीन आठ-आठ झालेत, छान आहेत," एवढं बोलायचं आणि पुढचा नंबर लावायचा. गेल्या उन्हाळ्यात मुरगूडकडच्या एका घरी हा फोन सासूबाईंनी उचलला. मला वाटलं सूनच बोलतेय. पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग एकदम, "आठ? अवो मॅडम, आम्हांस्नी एकच पायजे हुतं की!"

चूक माझी. आठ काय, हे मी सांगितलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्या सुनेबरोबर कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या आमच्या लॅबवर हजर. कपाळाला जोतिबाचा गुलाल, पिशवीत भडंगाचा पुडा. खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाल्या, "आता मला सगळं पयल्यापासनं सांगा. आठ कशाचं झालं?"

मावशींना जे सांगितलं तेच थोडं वाढवून इथं लिहिते.

आधी दिवसांचा हिशेब. गर्भ राहिला की आपल्याकडे "तिला दिवस गेलेत" म्हणतात, पण ते दिवस डॉक्टर आणि मी वेगवेगळे मोजतो. डॉक्टर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून धरतात, कारण ती तारीख बाईला नक्की ठाऊक असते. गर्भ राहतो त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी. म्हणजे सोनोग्राफीच्या कागदावर सहा आठवडे लिहिलं असेल तर गर्भाचं खरं वय चारच आठवडे. आपल्या जिल्ह्यात घरटी एक माणूस फौजेत असतो म्हणतात; तो सुट्टीवर कधी आला याची तारीख सगळ्या गल्लीला माहीत असते. कागदावरचे आठवडे त्या तारखेच्या मागे जाताना दिसले की घरात काय होतं, ते मी पाहिलं आहे. कागद बरोबर असतो, बाईही खरी असते. मोजायची सुरुवात तेवढी वेगळी. या लेखात मी मोजणार आहे ते शुक्रजंतू बीजात शिरला त्या दिवसापासून. तो शून्य दिवस.

हे घडतं गर्भपिशवीत नव्हे, नळीत. पिशवीच्या दोन्ही अंगांना दहा-बारा सेंटीमीटर लांबीची एकेक नळी असते. बीजकोशातून सुटलेलं स्त्रीबीज तिच्या झालरीसारख्या टोकानं टिपून घेतलं जातं आणि नळीच्या रुंद भागात येऊन थांबतं. त्याचं आयुष्य फार तर एक दिवस. शुक्रजंतू मात्र बाईच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत तग धरू शकतात, त्यामुळे पुष्कळदा ते आधीच येऊन वाट बघत असतात. निघताना कोट्यवधी असतात, नळीपर्यंत पोचतात ते काही शे. स्त्रीबीज म्हणजे शरीरातली सगळ्यात मोठी पेशी, पण मोठी म्हणजे किती, तर मिलिमीटरचा दहावा भाग. टोकदार पेन्सिल कागदावर नुसती टेकवावी, तेवढा ठिपका.

एक शुक्रजंतू आत शिरला की दार बंद होतं. हे मी रूपक म्हणून सांगत नाही. बीजाभोवती एक पारदर्शक, जाडसर कवच असतं. पहिला आत गेल्याबरोबर बीजात कॅल्शियमच्या लाटा उठतात, बीजाच्या कडेला दबा धरून बसलेल्या बारीक पिशव्या फुटतात आणि त्यांतला ऐवज कवच असं बदलून टाकतो की दुसऱ्याला ते भेदता येत नाही. दार लागायला उशीर झाला आणि दोन आत गेले, तर गुणसूत्रांचे, म्हणजे आई-बापाचे गुण वाहणाऱ्या धाग्यांचे, दोनाऐवजी तीन संच होतात. तसा गर्भ धड वाढत नाही. पहिल्या दिवशी सकाळी मी सूक्ष्मदर्शकाखाली बघते ते हेच. शुक्रजंतू आणि बीज एकत्र आल्यानंतर सोळा ते अठरा तासांनी बीजाच्या मधोमध शेजारी-शेजारी दोन गोल वर्तुळं दिसतात, प्रत्येकात दाण्यांसारखे ठिपके. एक आईचं, एक बापाचं. दोन दिसली की हायसं वाटतं. तीन दिसली की तो गर्भ बाजूला. ही वर्तुळं जेमतेम काही तासच दिसतात. सकाळी ट्रॅफिकमध्ये अडकून उशीर झाला तर ती विरघळलेली असतात आणि मग कुणाची किती होती, हे सांगता येत नाही.

याच वेळी बीज आपलं एक जुनं, अर्धवट राहिलेलं काम पुरं करतं. आईच्या गुणसूत्रांच्या जोड्यांतला निम्मा वाटा बाहेर टाकून निम्माच ठेवायचा असतो, तेव्हा कुठे बापाच्या निम्म्याशी हिशेब जुळतो. हे वाटप सुरू होतं ती बाई स्वतः तिच्या आईच्या पोटात असताना. तेव्हाच थांबतं आणि वीस-तीस वर्षं तसंच थांबून राहतं. त्याचा शेवटचा टप्पा पुरा होतो तो शुक्रजंतू आत आल्यावर. हे ऐकून मावशी सुनेकडं बघत म्हणाल्या, "म्हंजे ह्यो गडी विहीणबाईंच्या पोटात असल्यापास्नंचा?" अर्धा तरी, म्हटलं. सुनेला हसू आवरेना.

मुलगा की मुलगी, हेही या शून्याव्या दिवशीच ठरून गेलेलं असतं. बीजाकडे नेहमी एक्स गुणसूत्रच असतं. शुक्रजंतूनं एक्स आणलं तर मुलगी, वाय आणलं तर मुलगा. म्हणजे निवड असलीच तर बापाच्या बाजूची, आणि तीही त्याच्या हातात नसते. आपल्या जिल्ह्यात हे मुद्दाम मोठ्यानं सांगावं लागतं. २००१ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे मुली होत्या ८३९. पुढे इथल्याच जिल्हा प्रशासनानं सोनोग्राफी यंत्रांना "सायलेंट ऑब्झर्व्हर" नावाचं नोंद ठेवणारं उपकरण बसवायची मोहीम काढली आणि ती देशभर चर्चेत आली. लॅबमध्ये गर्भाची गुणसूत्रं तपासताना लिंगही कळू शकतं. ते सांगणं १९९४ च्या कायद्यानं गुन्हा आहे. विचारणारे अजून येतात. आडून विचारतात, पेढ्यांचा बॉक्स पुढे सरकवून विचारतात.

दुसऱ्या दिवसापासून बीज फुटायला लागतं. एकाच्या दोन पेशी, दोनाच्या चार, तिसऱ्या दिवशी आठ. लोकांना वाटतं गर्भ वाढायला लागला. तो वाढत नाही. कोल्हापूरच्या गूळ बाजारात गुळाचा रवा बघितला असेल तर समजेल (बाहेरगावच्यांसाठी: आमच्याकडे गुळाच्या ढेपेला रवा म्हणतात). दहा किलोचा रवा फोडून आठ तुकडे केले तरी गूळ दहाच किलो राहतो, तुकडे तेवढे लहान होतात. गर्भाचंही पहिले तीन-चार दिवस असंच चालतं. बाहेरचं कवच तेवढंच, आतला ऐवज तेवढाच, पेशी मात्र दर फेरीला निम्म्या आकाराच्या. म्हणून तिसऱ्या दिवशीचा आठ पेशींचा गर्भ पहिल्या दिवशीच्या एका पेशीपेक्षा केसभरही मोठा नसतो.

मग तो जगतो कशावर? आईशी त्याचा अजून सांधाच जुळलेला नाही. ना नाळ, ना रक्त. नळीतल्या स्रावातून थोडंफार मिळतं, पण मुख्य आधार आईनं बीजात आधीच बांधून दिलेल्या शिदोरीचा. चैत्रात जोतिबाच्या डोंगराला चालत जाणारी माणसं भाकरी आणि खर्डा फडक्यात बांधून घेतात, तशी. या शिदोरीत प्रथिनं असतात, पेशींनी कधी काय करायचं याचे तयार निरोप असतात आणि ऊर्जा बनवणारी मायटोकॉन्ड्रिया नावाची लाखभर बारीक यंत्रं असतात. ही यंत्रं सगळी आईकडची. शुक्रजंतूबरोबर जी थोडी येतात ती आत आल्यावर नष्ट केली जातात. बापाकडून गुणसूत्रांखेरीज कामाची वस्तू येते ती म्हणजे पेशी दुभंगताना दोर ताणून धरणारा एक सूक्ष्म खुंटा. तो नसेल तर एकाच्या दोन होताना गडबड होते.

शिदोरी पुरते तिसऱ्या दिवसापर्यंत. चार ते आठ पेशींच्या दरम्यान आईचे निरोप संपत येतात आणि गर्भाची स्वतःची गुणसूत्रं पहिल्यांदा कामाला लागतात. तोवर बापाच्या गुणसूत्रांना तसं बोलायला वावच नव्हता. इथं त्याला स्वतःची चूल मांडावी लागते. ज्याची चूल पेटते तो पुढं जातो. ज्याची पेटत नाही तो आठवर किंवा दहावर थांबतो आणि दुसऱ्या दिवशी बघावं तर तसाच. लॅबमध्ये फलन झालेल्या गर्भांपैकी साधारण निम्मेच पाचव्या दिवसापर्यंत पोचतात. म्हणून तो तिसऱ्या दिवशीचा फोन. "आठ झाल्या" म्हणजे उंबऱ्यापर्यंत नीट आला.

या आठाचा इतिहासही मोठा आहे. जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी, लुईज ब्राऊन, २५ जुलै १९७८ ला इंग्लंडमधल्या ओल्डहॅमला जन्मली. रॉबर्ट एडवर्ड्स, पॅट्रिक स्टेप्टो आणि जीन पर्डी या तिघांनी तिच्या आईच्या पिशवीत ठेवला तो गर्भ आठ पेशींचा होता. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला कोलकात्यात दुर्गा जन्मली. डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी आठ पेशींचा गर्भ गोठवला, ५३ दिवसांनी वितळवून पिशवीत सोडला. त्यांच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. सरकारी चौकशी समितीनं त्यांचं काम धुडकावलं, बदल्या झाल्या, आणि १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या चमूनं १९८६ साली टेस्ट ट्यूब बेबीचा जन्म घडवला, तो बराच काळ देशातला पहिला म्हणून सांगितला गेला. त्या कामातले शास्त्रज्ञ टी. सी. आनंद कुमार यांनीच पुढे मुखोपाध्यायांच्या वह्या वाचल्या आणि १९९७ मध्ये जाहीरपणे सांगितलं की मान त्यांचा आहे. स्वतःचा पहिला नंबर असा दुसऱ्याला देणारा माणूस मला या सगळ्या कथेत सगळ्यात थोर वाटतो. तिकडं एडवर्ड्सना २०१० मध्ये नोबेल मिळालं.

मावशी आल्या त्या दिवशी त्यांच्या सुनेचे गर्भ चौथ्या दिवसावर होते. "आज किती झालं?" त्यांनी विचारलं.

चौथ्या दिवशी मोजता येत नाही. काल सुट्या-सुट्या, साबणाच्या फुग्यांसारख्या दिसणाऱ्या पेशी आज एकमेकींना इतक्या घट्ट बिलगतात की मधल्या रेषाच पुसल्या जातात. सोळा असतील, तीस असतील. या अवस्थेला मोरुला म्हणतात, लॅटिनमध्ये त्याचा अर्थ तुतीचं फळ. पिकून चेपलेली तुती डोळ्यापुढं आणा. नैसर्गिकरीत्या गर्भ राहिला असता, तर याच सुमारास ही तुती नळीतून घरंगळत पिशवीत उतरली असती. घरंगळत म्हटलं तरी तिला स्वतःला हलता येत नाही. नळीच्या आतल्या बाजूला मखमलीसारखे सूक्ष्म केस असतात. ते एकाच दिशेनं डुलतात आणि तिला पुढं ढकलतात. तंबाखूच्या धुरानं हे डुलणं मंदावतं. जुन्या संसर्गानं नळी आतून चिकटली असेल तर वाटेतच अडतं.

वाटेत अडलेला गर्भ नळीतच रुजू शकतो, आणि हे जिवावरचं दुखणं आहे. पाळी चुकली आहे, पोटात एका बाजूला कळ येतेय, थोडं अंगावर जातंय, चक्कर येतेय, अशा वेळी घरगुती काढा करत बसू नका. रात्र असली तरी दवाखाना गाठा. नळी फुटली तर आत रक्तस्राव होतो आणि बाहेर फारसं दिसत नाही.

पाचवा दिवस माझा आवडता. तुतीच्या बाहेरच्या थरातल्या पेशी आत सोडियम ढकलायला लागतात. काकडीच्या कोशिंबिरीला मीठ लावून ठेवलं की पाणी सुटतं, तसंच. मिठाच्या मागोमाग पाणी जातं, इथं ते आत जातं. तुतीच्या पोटात पाण्याची पोकळी तयार होते, फुगत जाते, आणि शंभर किंवा त्याहून थोड्या जास्त पेशींचा फुगा तयार होतो. त्याला ब्लास्टोसिस्ट म्हणतात. आता पहिल्यांदा पेशींत वाटणी झालेली असते. ज्या बाहेर राहिल्या त्यांची पुढं वार (आईच्या रक्तातून बाळाला पोसणारा भाग) होणार. ज्या आत कोपऱ्यात गोळा होऊन बसल्या, त्यांच्यातून बाळ. कुणी कुठं जायचं हे मुख्यतः जागेवरून ठरतं: बाहेरच्या पेशीची एक बाजू उघडी असते, आतलीच्या सगळ्या बाजू झाकलेल्या, आणि पेशीला हे कळतं. मला वीस वर्षांनंतरही हे नवल वाटतं. बाळ होणाऱ्या पेशी शंभरात जेमतेम दहा-वीस. बाकी सगळी घर बांधणारी मंडळी.

कागदावर आम्ही या फुग्याला "४ एए", "३ बीबी" असे शेरे देतो. आकडा किती फुगला त्याचा, पहिलं अक्षर आतल्या गोळ्याचं, दुसरं बाहेरच्या थराचं. लोक त्या शेऱ्याचा फोटो काढतात आणि दहावीच्या मार्कांसारखा नातेवाइकांत फिरवतात. बीबीची पोरंही धडधाकट जन्मतात, एए असूनही कितीदा रुजत नाही. शेरा चेहरा बघून दिलेला असतो, आतली गुणसूत्रं त्यातून दिसत नाहीत.

जुळ्यांचं कोडंही इथंच सुटतं. दोन वेगळी बीजं, दोन वेगळे शुक्रजंतू, तर ती एकाच वेळी जन्मलेली भावंडं. एकसारखी जुळी मात्र एकाच गर्भाचे दोन भाग झाल्यानं होतात. पहिल्या तीन दिवसांत दुभंगला तर दोघांचं सगळं वेगळं, वारही वेगळी. चौथ्या ते आठव्या दिवसात दुभंगला तर वार एक, पाण्याच्या पिशव्या दोन. नेहमी दिसणारी एकसारखी जुळी बहुतेक अशी. आठव्यानंतर एकच पिशवी, आणि तेराव्यानंतर दुभंगू लागला तर पुरता वेगळा होत नाही, जुळी चिकटलेली राहतात. आम्ही एकच गर्भ सोडूनही क्वचित जुळं होतं ते यामुळेच, लॅबनं गुपचूप दोन सोडले म्हणून नव्हे.

थोडं लॅबबद्दल, कारण मावशींना तिथंच जायचं होतं. गर्भ इन्क्युबेटरमध्ये असतात. आत ३७ अंश तापमान, प्राणवायू बाहेरच्या हवेच्या चौथाई एवढाच, कारण नळीतही कमीच असतो. खोलीत उजेड मंद. अत्तर, उदबत्ती, नेलपॉलिश चालत नाही, त्यांची वाफ गर्भाला मानवत नाही. मावशींनी पदरातून कागदाची पुडी काढली, जोतिबाचा गुलाल, "नुसतं त्या पेटीला लावू का?" मी पुडी दोन्ही हातांनी घेतली आणि बाहेर रिसेप्शनच्या देव्हाऱ्यात ठेवली. मग कोपरापर्यंत हात धुतले, दोनदा. गुलाबी पाणी जाईपर्यंत.

शिल्लक राहिलेले चांगले गर्भ उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवतात. त्या थंडीत रासायनिक घड्याळच बंद पडतं. पाच दिवसांचा गर्भ पाच वर्षांनीही पाच दिवसांचाच. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेनं ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली, शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला आणि आमची नायट्रोजनची गाडी पलीकडं अडकली. भरलेली टाकी काही आठवडे निभावते, हे माहीत असूनही मी सकाळ-संध्याकाळ पट्टी बुडवून बघायचे. बाहेर काढल्यावर पट्टीवर पांढरं दव जिथवर गोठतं, तिथवर नायट्रोजन. टीव्हीवर राजाराम बंधाऱ्याची पातळी इंचाइंचानं वाढत होती आणि माझ्या पट्टीवरची इंचाइंचानं उतरत होती.

सहाव्या-सातव्या दिवशी फुगा कवच फोडून बाहेर पडतो. आतापर्यंत कवचानं दोन कामं केलेली असतात, पेशी एकत्र ठेवल्या आणि नळीतच चिकटू दिलं नाही. आता चिकटायचंय, म्हणून ते टाकायचं. पिशवीचं अस्तर महिन्यातून चार-पाच दिवसच त्याला जागा देतं. जमीन वाफशावर आली की पेरायची, आधी चिखल आणि नंतर ढेकळं, हे शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. अस्तराला वाफशावर आणतं ते प्रोजेस्टेरॉन. बीज सुटून गेल्यावर बीजकोशात मागं राहिलेली रिकामी कुपी ते बनवते.

बाहेरच्या थरातल्या पेशी अस्तरात घुसतात, आणि माणसाचा गर्भ तर अस्तरात पूर्ण गाडून घेतो. दहाव्या-बाराव्या दिवसापर्यंत वरून अस्तर पुन्हा मिटतं. यात कुणाला किंचित डाग दिसतो आणि पाळी आली असं वाटतं. घुसता घुसता त्या पेशी एचसीजी नावाचं संप्रेरक रक्तात सोडतात. त्याचा निरोप त्या कुपीला: सुकू नको, प्रोजेस्टेरॉन चालू ठेव, पाळी येऊ देऊ नको. मेडिकलमधून आणलेल्या पट्टीवर दुसरी रेघ उमटते ती या एचसीजीची. म्हणून घाई करून सातव्या दिवशी पट्टी वापरण्यात अर्थ नाही. निरोप अजून निघालेलाच नसतो. रक्तात तो साधारण आठव्या ते अकराव्या दिवसांत सापडायला लागतो, लघवीत पाळी चुकायच्या सुमाराला.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते. नाही रुजलं की घरात पहिला प्रश्न सुनेला. जिना चढलीस का? तांबडा रस्सा ओरपलास का? पपई खाल्लीस? गाडीवरून खड्ड्यातनं गेलीस? मी शेकडो वेळा हे ऐकलंय, कधी कधी तीच स्वतःला विचारत असते. मिलिमीटरच्या दहाव्या भागाचा हा जीव ओल्या, एकमेकांना टेकलेल्या दोन भिंतींच्या मध्ये बसलेला असतो. भाकरीच्या पिठात तीळ रोवावा तसा. तो खड्ड्यानं पडत नाही, खोकल्यानं पडत नाही. गर्भ पिशवीत सोडल्यावर पलंगावर पडून राहण्याचा अभ्यासांत काही फायदा दिसलेला नाही.

नाही रुजत त्याचं सगळ्यात मोठं कारण गुणसूत्रांच्या वाटपातली चूक. ते वीस-तीस वर्षं थांबलेलं वाटप आठवतं ना? जितकं जास्त थांबावं लागतं तितकी एखादं गुणसूत्र इकडचं तिकडं जायची शक्यता जास्त, म्हणून पस्तिशीनंतर चुका वाढतात आणि चाळिशीत निम्म्याहून अधिक गर्भांत त्या सापडतात. वय कमी, सगळं नीट, तरी एका महिन्यात गर्भ राहण्याची शक्यता वीस-पंचवीस टक्क्यांच्या आसपासच. निसर्गातही कितीतरी गर्भ पाळीच्या तारखेआधीच थांबतात आणि कुणाला कळतही नाही. सासूबाईंच्या, त्यांच्या सासूबाईंच्या काळातही थांबत होते, फक्त तेव्हा तिसऱ्या दिवशी फोन येत नव्हता.

करण्यासारखं जे आहे ते बरंच आधी करायचं असतं. फॉलिक ॲसिडची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी गर्भ राहायच्या आधीपासून, कारण बाळाच्या मेंदू-मणक्याची नळी अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत मिटते, आणि तोवर कित्येकींना दिवस गेलेत हे नुकतंच कळलेलं असतं. साखर, थायरॉईड ताब्यात. नवऱ्याचा गुटखा-सिगरेट बंद. आणि मिश्री. दात घासायला म्हणून चिमूटभर, पण आहे ती तंबाखूच. हे बोलताना मावशींनी नजर खिडकीबाहेर वळवली, तेव्हा मी विषय तिथंच सोडला.

चौदाव्या-पंधराव्या दिवशी आतल्या गोळ्याची चपटी तबकडी झालेली असते आणि तिच्यावर एक रेघ उमटते. डोकं कुठं, पाय कुठं, डावं-उजवं, सगळं त्या रेघेवरून ठरतं. ब्रिटनमध्ये १९८४ साली वॉर्नॉक समितीनं प्रयोगशाळेत गर्भ चौदा दिवसांपलीकडे वाढवू नये म्हटलं, ते याच रेघेला धरून. पुढं अनेक देशांनी ती मर्यादा मानली. बाविसाव्या दिवसाच्या आसपास हृदय पहिल्यांदा आकुंचन पावतं. पण ते सगळं माझ्या खोलीच्या बाहेरचं. माझं काम पाचव्या-सहाव्या दिवशी संपतं.

पाचव्या दिवशी सुनेला आत घेतलं. बारीक मऊ नळीतून एक गर्भ पिशवीत सोडायचा, पाच मिनिटांचं काम, भूल लागत नाही. सोनोग्राफीच्या पडद्यावर राखाडी पट्ट्यात एक पांढरा ठिपका चमकून थांबला. मावशींना दाराशी उभं राहू दिलं होतं. त्यांनी हात जोडले. खरं म्हणजे तो ठिपका गर्भ नव्हता. गर्भ त्या पडद्यावर दिसण्याइतका मोठाच नसतो. नळीत गर्भाच्या मागं-पुढं ठेवलेल्या हवेचा तो बुडबुडा. तेवढं मी तेव्हा बोलले नाही.

बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, "उद्या फोन करशीला न्हवं? किती झालं ते सांगायला?"

"आता मला दिसत नाही, मावशी. आजपासून बाराव्या दिवशी रक्त तपासू, तेव्हाच कळेल."

"बारा दिस?" त्यांनी बोटांवर मोजलं. "उपाशी आणू का हिला?"

"नको. जेवून या."